पंचनाम्यातला सडवा

जपानमधल्या फुशिमीतल्या त्या बाईंनी आधी पाणी चाखायला दिलं. लाकडी तबकात तीन छोटे पेले होते आणि तिन्हींत नुसतं पाणी. साके नंतर, रस्सा त्याच्याही नंतर. आम्ही सहा जण होतो. ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं, तैवानची एक मुलगी, माझी लेक, जावई आणि मी. जानेवारीचा महिना होता, बाहेर बारीक हिमाची भुरभुर चालली होती. प्रवाशांना साके चाखवायची आणि एका भांड्यातलं जेवण रांधायला शिकवायचं, असा तो तीन तासांचा वर्ग. लेक ओसाकाला नोकरीला आहे. तिनं परस्पर पैसे भरून टाकले होते. म्हणाली, "बाबा, तुम्ही पिऊ नका हवं तर. पण बघा तरी."

मी भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो आणि जालना जिल्ह्यात छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. घरात माळकरी आजी. दारू हा शब्दही तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. त्यामुळं त्या तबकापुढं बसताना माझं मन जड झालं होतं. पहिल्याच पेल्यात पाणी निघालं तेव्हा मी मोकळा झालो.

बाई सांगत होत्या की फुशिमीचं पाणी मऊ, म्हणून इथली साके सौम्य. तिकडं कोबेजवळच्या नाडा भागातलं पाणी जड, त्यात खनिजं जास्त, म्हणून तिथली साके कडक. १८४० मध्ये नाडातल्या एका गाळणाऱ्याच्या लक्षात आलं की आपल्या दोन कारखान्यांपैकी एकाचीच साके दर वर्षी सरस उतरते. त्यानं कारागीर बदलून पाहिले, तांदूळ बदलून पाहिला. शेवटी एका गावचं पाणी दुसऱ्या गावी वाहून नेलं आणि उत्तर सापडलं. त्या विहिरीच्या पाण्याला 'मियामिझू' असं नाव आहे.

लेक हे सगळं मराठीत सांगत होती आणि मला आमच्या गावच्या विहिरी आठवत होत्या. गोडी विहीर, खारी विहीर, आणि मळ्यातली ती मचूळ पाण्याची. सून नवी आली की सासू तिला आधी हेच सांगायची, अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तमक्याचं पाणी जड आहे, बाळंतिणीला देऊ नको. ही काही साधी माहिती नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या जेवणाच्या बरोबरीनं पाण्यालाही स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. पाणी कुठलं, कोणत्या ऋतूत कोणतं प्यावं, त्याला सुगंध कसा द्यावा. आमची नव्या सुनेला शिकवणारी सासू त्याच परंपरेतली. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या पिढीला मात्र पाण्याची एकच जात माहीत आहे, आलं किंवा नाही आलं.

मग बाईंनी एका वाटीत शिजवलेला तांदूळ आणला. त्यावर पांढुरकी, मखमलीसारखी बुरशी चढलेली. हे 'कोजी'. चाखायला सांगितलं. मी दोन दाणे तोंडात टाकले. गोड होते, आणि वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा. धान्यात साखर नसते, पिठूळ सत्त्व असतं. नुसतं धान्य भिजवून त्याची दारू होत नाही. आधी कोणीतरी त्या सत्त्वाची साखर करावी लागते, ते काम ही बुरशी करते. मग किण्व त्या साखरेचं मद्य करतं. साकेची खुबी अशी की ही दोन्ही कामं एकाच पिंपात, एकाच वेळी चालतात. पिंपावर फेस येतो आणि त्या फेसाला टप्प्याटप्प्यानं नावं आहेत. आधी 'पाणफेस', मग 'खडकफेस', मग 'उंच फेस', शेवटी फेस खाली बसल्यावर 'गोळेफेस'. साके करणाऱ्यांचा मुख्य कारागीर, ज्याला 'तोजी' म्हणतात, तो फेसाकडं बघून आणि पिंपाचा आवाज ऐकून ओळखतो की आत काय चाललंय.

'आवाज ऐकून' असं लेकीनं म्हटलं आणि मी खाली बघत बसलो. कारण तो आवाज मी ऐकला होता.

१९८६ ची गोष्ट. मी एका वस्तीवरच्या शाळेत होतो. एका दुपारी दारूबंदी खात्याची माणसं आली आणि पंच म्हणून गुरुजींना चला म्हणाली. गावात मास्तर हा हुकमी पंच असे, सही नीट करतो म्हणून. ओढ्याच्या काठाला, शिंदाडाच्या झुडपांआड जमिनीत पुरलेले दोन डबे होते. एक म्हातारी तिथंच बसली होती, पळाली नाही. पंचनामा लिहिणाऱ्यानं लिहिलं, गूळमिश्रित सडवा, अंदाजे अमुक लिटर, उग्र वासाचा, जागीच नष्ट केला. डबे आडवे करण्याआधी म्हातारी मला म्हणाली, "गुर्जी, कान लावा. बोलतंय का?" मी वाकलो. आत बारीक सळसळ चालली होती, तव्यावर पाण्याचे थेंब टाकावेत तशी. "आजून बोलतंय," ती म्हणाली. "बोलायचं थांबलं की गाळायचं. आधी गाळलं तर कच्चं, मागून गाळलं तर आंबट." तिनं काळा गूळ, थोडी मोहाची फुलं आणि बाभळीची साल घातली होती. नवसागर घालत नाही म्हणाली. माणसं मरतात त्यानं.

मी सही केली. सडवा ओढ्यात गेला. घरी येऊन आंघोळ केली, आजीनं करायला लावली असती म्हणून. त्या बाईनं जे सांगितलं ते मी कुठं लिहून ठेवलं नाही. पंचनाम्यात त्याला जागा नव्हती आणि माझ्या मनातही नव्हती.

पुढं शिकवता शिकवता कौटिल्याचं अर्थशास्त्र नीट वाचलं तेव्हा मी हादरलो. हा ग्रंथ कित्येक शतकं हरवलेला होता, १९०५ मध्ये म्हैसूरला हस्तलिखित मिळालं आणि १९०९ मध्ये शामशास्त्रींनी छापला. त्यात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. 'मैरेय' नावाच्या पेयाची कृती दिली आहे ती अशी, मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, पिंपळी, मिरी, त्रिफळा. साल आणि गूळ! दोन हजार वर्षांपूर्वीची ही जोडी ओढ्याकाठच्या त्या डब्यात होती. म्हातारीची साल बाभळीची, एवढाच फरक. 'मेदक' नावाचं पेय तर तांदळाचं. सोळा प्रस्थ पाणी, दोन प्रस्थ तांदूळ, तीन प्रस्थ किण्व, आणि हे किण्व उडदाच्या लगद्यात तांदूळ व वनस्पती मिसळून तयार करायचं. म्हणजे धान्य आंबवण्याची विद्या आपल्याकडं लिहून ठेवण्याइतकी पक्की होती. आणि कौटिल्य, जो कुठल्याही पैशाला सहज सोडणारा नव्हे, तोही कुटुंबांना घरच्या कार्यात पांढरी सुरा करायची मुभा देतो. उत्सव, मेळे, यात्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक ठेवतो. पानगृहं कशी असावीत तेही सांगतो. अनेक दालनं, निजायला आणि बसायला वेगळी सोय, गंध, माळा, पाणी, आणि सगळ्या ऋतूंत सुखाची. दारू पिऊन झोपलेल्या गिऱ्हाइकाचा दागिना हरवला तर दुकानदारानं तो भरून द्यायचा आणि तेवढाच दंडही भरायचा. परक्या माणसाला निर्धास्त बसता यावं, ही काळजी त्यात आहे, आणि त्याच्यावर हेर ठेवायची सूचनाही आहे.

परके आमच्या वाटेनं भरपूर येत होते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, दगडावर नावं कोरलेली आहेत. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांनी इथं उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळाचं गाव वर आलं आणि एक हस्तिदंती बाहुली सापडली. इटलीत पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली, १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती बाईशी तिचं जवळचं साम्य आहे. केळणेच्या काठावरच्या गावाचं नातं पार इटलीपर्यंत. मुलांना हे सांगितलं की ती खिडकीतून गावाकडं नव्यानं बघायची. आता त्या वाटेनं उलट दिशेला काय येत होतं? पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' सांगतं की भडोच बंदरात दारू उतरत असे, इटलीची सगळ्यांत जास्त पसंतीची, त्याखालोखाल लाओदिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची मद्य वेगळं. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून दहा दिवसांवर तेर, आणि या गावांतून गाड्या भरून माल बंदराकडं जायचा. परतीच्या गाड्या रिकाम्या येत नसणार. नेवाशाला संकालियांच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या घातलेली परदेशी मंडळी हातात वाडगे धरून बसलेली आजही दिसतात. ते चित्र काढणाऱ्यानं अशी माणसं जवळून पाहिली होती.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की परदेशी पाहुणा, चाखण्याची वाटी आणि पुढं शिजणारं भांडं ही बैठक आमच्या मुलखाला अनोळखी नव्हती. ती मोडली. का मोडली याचा शोध घ्यायचा तर राजवटींच्या जमाखर्चात जावं लागतं.

इंग्रजांची फौज आली तेव्हा दारू शिध्यात आली. २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, वेलस्लीची शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली. त्याच्याकडं स्कॉटलंडच्या दोन पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. गोऱ्या शिपायाला रोजचा अर्राक ठरलेला आणि त्याची पिंपं बैलांवर लादून फौजेमागं चालायची. पुढं १८२७ च्या सुमाराला जालन्याला छावणी उभी राहिली आणि पाऊण शतक टिकली. छावणीला रोज, वर्षभर, मोजून दारू लागते. सणाची, जत्रेची, लग्नाची दारू वेगळी आणि शिध्याची दारू वेगळी. पहिलीला दिवस असतो, दुसरीला फक्त माप असतं.

निजामाच्या राज्यात आबकारी हा खजिन्याचा मोठा आधार होता. शिंदीची, ताडीची झाडं मोजली जात, गावोगावच्या दुकानांचा लिलाव होई, ज्याची बोली चढी त्याला गुत्ता. गुत्तेदार हा शब्द आमच्याकडं अजून जिवंत आहे, आता तो रस्त्याची कामं घेणाऱ्याला लागतो. गुत्तेदारानं चढी बोली लावली की ती रक्कम गावातूनच वसूल करायची. म्हणजे जास्त माणसांनी जास्त प्यायला हवं. शिंदी पहाटे उतरवली की नीरा असते, गोड, कोणीही प्यावी अशी. ऊन चढलं की आंबते. हा दिवसभराचा बदल जाणणारी, झाडाला कुठं आणि किती खोल चीर द्यायची हे कळणारी माणसं होती. त्यांचं शहाणपण कोणत्या दप्तरात आहे? दप्तरात आहे ती झाडांची संख्या आणि बोलीचा आकडा.

जपानचं सरकारही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं, हे फुशिमीत कळलं. मेइजी काळात साकेवरचा कर इतका वाढवला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाच्या महसुलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा दारूचा झाला. लढाया त्यावर लढल्या. आणि शेतकरी घरोघरी जी न गाळलेली, दुधाळ 'दोबुरोकू' करत, तिच्यावर १८९९ मध्ये बंदी घातली, कारण घरची दारू कर देत नाही. तिथंही खेड्यांत धाडी पडल्या, तिथंही पिंपं ओतली गेली. माझ्या म्हातारीसारख्या म्हाताऱ्या तिथंही असणार. पण फरक असा की त्याच सरकारनं १९०४ मध्ये मद्य आंबवण्याच्या अभ्यासासाठी संशोधन संस्था काढली. कर घेतला आणि विद्याही सांभाळली. आणि २००३ पासून ठरावीक भागांतल्या शेतकऱ्यांना, जे पाहुण्यांसाठी मुक्काम किंवा खानावळ चालवतात त्यांना, स्वतःच्या तांदळाची दोबुरोकू करायला पुन्हा परवानगी दिली. शंभर वर्षांनी घरची दारू घरी परतली, पाहुण्यांचं निमित्त धरून. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं कोजीच्या या पारंपरिक विद्येला मानवजातीच्या वारशात नोंदवलं. आपल्याकडं गोव्यानं हे ओळखलं. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसा-पेय म्हणून मान दिला, आणि आता भट्टीवर पाहुणे येतात, काजूची बोंडं तुडवताना बघतात.

मी दारूची भलामण करत नाही. माझ्या वर्गातली किती पोरं बापाच्या पायी शाळेतून गेली, त्यांची नावं मला पाठ आहेत. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती सगळी गरीब होती. दुकान बंद करण्यासाठी 'आडव्या बाटली'ला मत द्यायला आमच्या बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या, त्या रांगेत माझी बायको होती. २००७ मध्ये धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण राज्यानं आणलं तेव्हा ज्वारी खायची की प्यायची म्हणून जो विरोध झाला त्यात मी होतो आणि आजही असेन. मला दुखतं ते वेगळं आहे. आंबवण्याची विद्या आमच्याकडं आधी महसूल झाली, मग गुन्हा झाली. विद्या म्हणून तिची नोंद कोणी घेतली नाही. जी उरली ती आंबीलीच्या मडक्यात, बाईमाणसाच्या हातात, कारण तिच्यावर कर नव्हता. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं, सकाळी शिजवायचं, लसूण-जिरं घालायचं. कोणत्या मडक्यात लवकर आंबतं, थंडीत मडक्याला घोंगडी कधी गुंडाळायची, हे माझ्या आईला माहीत होतं. फुशिमीतल्या बाई कोजीच्या पेटाऱ्याला ज्या हातानं कापड गुंडाळत होत्या तो हात मी ओळखला.

शिंदीच्या बाबतीत आमच्या घरात एक अभिमानाची गोष्ट होती. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामातच राहिलो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला. करोडगिरीचे नाके मोडायचे, लेव्ही द्यायची नाही, जंगलचे कायदे मोडायचे, आणि शिंदीची झाडं तोडायची. निजामाच्या खजिन्याची शीर तिथं होती. माझे आबा तेव्हा पंचविशीत. रात्री कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकाठची शिंदी त्यांनी आणि सोबत्यांनी आडवी केली. सकाळी रझाकारांच्या भीतीनं हद्दीपलीकडं, वऱ्हाडात बुलढाण्याकडं पळाले, वर्षभरानं परतले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली. दर वर्षी मुक्तिदिनाला झेंड्याखाली मी ही गोष्ट मुलांना सांगायचो. आबांच्या तळहातावर कुऱ्हाडीचा घट्टा होता, तो मी लहानपणी बोटानं चाचपलेला आहे.

आता भांड्याकडं येतो.

साके चाखून झाली (मी तीन घोट घेतले, एक गार, एक अंगासरशी, एक कोमट केलेला. कोमट घोटाला शिजत्या भाताच्या पेजेचा वास होता) आणि बाईंनी मातीचं जाड भांडं शेगडीवर ठेवलं. 'दोनाबे'. त्यात समुद्रातल्या 'कोम्बू' वनस्पतीची पट्टी आणि पाणी. उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घ्यायची, नाहीतर कडूपणा उतरतो. मग कोबी, लांब कांद्याची पात, अळिंबी, टोफू, कोंबडीचे तुकडे, वेळ लागणारं आधी, कोवळं शेवटी. शिजेल तसं सगळ्यांनी त्याच भांड्यातून काढून खायचं. संपत आलं की उरलेल्या रश्शात भात घालायचा, वर अंडं फेटून सोडायचं, झाकण ठेवायचं. त्या भातासाठी सगळं जेवण चाललेलं असतं, असं मला वाटलं.

ऑस्ट्रेलियाची बाई म्हणाली, किती प्राचीन रीत असेल ही, सगळं घर एका भांड्याभोवती! बाईंनी मान हलवली. नाही, म्हणाल्या. पूर्वी प्रत्येकाचं ताट वेगळं, छोट्या चौरंगावर मांडलेलं, आणि कोणापुढं कोणता चौरंग हे दर्जानुसार. एका भांड्यात सगळ्यांनी चॉपस्टिक घालणं हलकं समजलं जाई. शहरांत छोट्या शेगडीवरची भांडी आली, मग मेइजी काळात गोमांसाचं भांडं आलं. त्याच्या बाराशे वर्षं आधी, ६७५ मध्ये, सम्राट तेन्मूनं जनावरांचं मांस खाण्यावर निर्बंध घातले होते. १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. त्याच्या आदल्या वर्षी कानागाकी रोबुन या लेखकानं अशा भांड्याभोवती मांडी घालून बसलेल्या नाना तऱ्हेच्या गिऱ्हाइकांवर पुस्तकच लिहिलं, नाव 'आगुरानाबे', म्हणजे मांडी घालून खायचं भांडं. सगळे एका भांड्यातून जेवतात ही रीत नवी आहे, ती मुद्दाम आणावी लागली.

माझ्या डोळ्यांपुढं आमच्या गावची कंदुरी आली. पिराच्या ओट्याशेजारी लिंबाखाली तीन दगडांची चूल, वर दोन माणसांनी उचलावं असं भगुनं, त्यात बोकडाचा रस्सा. रांधणारे पुरुष. हिंदू-मुसलमान दोघांचा नवस त्याच पिराला. वास नदीपल्याड जायचा. ज्वारीच्या भाकरी घरोघरून टोपल्यांत यायच्या. एकच भगुनं, एकच पळी. आणि तरीही जेवण एक नव्हतं. पंगती वेगळ्या बसत आणि काही माणसं पंगतीला बसतच नसत. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावरचा एक मुलगा, मातंग समाजातला, ओट्यापासून दहा हातांवर जर्मनचं पातेलं घेऊन उभा असायचा. वरून, लांबून, पळी न टेकवता त्यात रस्सा ओतला जायचा. मी पंगतीतून त्याच्याकडं बघायचो आणि तो माझ्याकडं बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही त्याविषयी बोलायचो नाही.

जपानहून परत आल्यावर पंधरा दिवसांनी त्याला फोन केला. तो महावितरणमधून निवृत्त झालाय, जालन्यात मुलाकडं असतो. म्हटलं, रविवारी शेतावर ये, शेंगोळे करू. हुलग्याचं पीठ मी मळलं, वळले मात्र त्यानं, त्याच्या बोटांना सवय होती. लसूण, मिरची, जिरं वाटून पाण्याला फोडणी दिली, उकळीत शेंगोळे सोडले. रस्सा दाटला तसा दोघांनी भगुन्यातूनच खाल्लं, एकाच चमच्यानं, आलटून पालटून. मी त्याला फुशिमीचं सगळं सांगितलं. म्हातारीच्या डब्याचं सांगितलं. ती त्याची लांबची मावशी निघाली. मग आबांच्या कुऱ्हाडीचं सांगितलं, तो ऐकत राहिला. ही गोष्ट त्यानं आधीही ऐकली होती.

"वड्याकाठची शिंदी ना?" तो म्हणाला. "माही माय फड्याला तिथंच जायची. लग्न होऊन नवीच आलती तव्हा."

फडे म्हणजे केरसुण्या. शिंदीच्या पानांच्या. दिवाळीत लक्ष्मी म्हणून सगळं गाव त्यांची पूजा करतं, आबांच्या घरातही व्हायची.

"मंग?"

"मंग काय. झाडं गेली. दोन कोसावर दुसऱ्या वड्याला जायची. पानाचा भारा डोक्यावर घेऊन."

"किती वर्षं?"

त्यानं भगुन्याच्या कडेला लागलेला रस्सा चमच्यानं खरवडला. "हातपाय चालत होते तवर," तो म्हणाला आणि चमचा माझ्याकडं दिला.